वीटभट्टीवाल्यांची पेटी

इथे सौदीत राबिघला तेलाच्या कारखान्यात असलेले आमचे नाशिकचे जोशीसाहेब दरवर्षी इथल्या मराठी मंडळींचा दिवाळी अंक काढतात. चार वर्षं माझ्या मागे लागलेत, रज्जाकभाई, तुमच्या बत्ह्यातल्या दुकानाच्या गमतीजमती लिहा. मी दरवर्षी कामाचं निमित्त सांगून सटकतो. यंदा हो म्हटलं. पण जोशीसाहेब, गंमत थोडीच आहे यात. जे लिहितोय ते मी बायकोलासुद्धा धड सांगितलेलं नाही. छापावंसं वाटलं तर छापा, नाहीतर द्या टाकून.

ओळख करून देतो. गाव श्रीवर्धनकडचं, खाडीकाठचं. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग गावातल्याच एका उस्तादांकडे रेडिओ रिपेरिंग, आणि मग विमान. रियाधच्या बत्हा बाजारात तीस वर्षं झाली. डाव्या हाताला पैसे पाठवायचं ऑफिस, उजव्या हाताला केरळवाल्याचं हॉटेल, मधे माझं दुकान. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. दुकान अर्थात कफिलाच्या, म्हणजे आम्हाला जामीन राहणाऱ्या इथल्या मालकाच्या नावावर. अबू नासिर नावाचा म्हातारा आहे, भला माणूस. महिन्यातून एकदा येतो, आपला जुना रेडिओ टेबलावर ठेवतो आणि बिघडलाय म्हणतो. रेडिओ ठणठणीत असतो. मी उघडून, फुंकर मारून परत देतो, तो कहवा पितो आणि जातो. असं वीस वर्षं चाललंय.

पूर्वी काम म्हणजे टेपरेकॉर्डर, व्हीसीआर, पंखे, मिक्सर. मग असा काळ आला की लोक वस्तू दुरुस्त करायच्या ऐवजी फेकायलाच लागले. मी तर बायकोला सांगून टाकलं होतं, बांध बोचकी, खलास झालं इथलं. तेवढ्यात रियाधमध्ये गाण्याबजावण्याचे मोठे कार्यक्रम सुरू झाले. जिथे गाणं बाहेर ऐकू गेलेलं चालायचं नाही म्हणून आम्ही दुकानात टेप लावताना दार लोटून घ्यायचो, तिथे आता दोन दोन मजली स्पीकर. त्या कंपन्यांचं सामान बिघडायला लागलं आणि माझं दुकान वाचलं.

माझ्या उस्तादांचा एक दंडक होता. गिऱ्हाईक एक बिघाड सांगतो, पण एकदा वस्तू उघडली की आत जे जे वाकडं दिसेल ते सगळं सरळ करूनच झाकण लावायचं. त्याचे पैसे मागायचे नाहीत, वर सांगायचंही नाही. "झाडू हातात घेतलाय तर सगळं घर झाड," असं म्हणायचे. बत्ह्यात माझं नाव झालं ते यामुळे. रज्जाककडे बटण बसवायला द्या, अख्खा टेप नवा होऊन येतो, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.

एक पठाण टॅक्सीवाला होता. त्याच्या गाडीतल्या टेपमध्ये कॅसेट अडकली. बाहेर काढली तर फीत चुरगळलेली, तीन ठिकाणी तुटलेली. कॅसेटवर त्याच्या आईचा आवाज. गावाकडून कुणाच्या हाती पाठवलेली, आणि आता आई राहिली नव्हती. मी ती फीत चिकटपट्टीच्या बोटभर तुकड्यांनी जोडली. जोडताना लक्षात आलं की टेपची मोटर मंद फिरतेय. त्याने ते सांगितलंच नव्हतं. मी मोटरही ठीक केली. त्याने टेप लावला, दोन वाक्यं ऐकली आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. मी घाबरलो. तो म्हणाला, सात वर्षं मी आईला म्हाताऱ्या आवाजात ऐकत होतो, ती अशीच बोलायची, अशीच भराभरा. त्या दिवशी माझी छाती दोन इंच फुगली. बरोबर म्हणजे मीटरवर बरोबर, आणि मीटरवर बरोबर तेच खरं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आता मुद्द्यावर येतो.

दोन वर्षांपूर्वीची हिवाळ्याची गोष्ट. स्टेजचं काम बघणारा एक पुण्याचा मुलगा आहे, सारंग. मला चाचा म्हणतो. एका गुरुवारी दुपारी तो एका उंच, पांढऱ्या केसांच्या जर्मन म्हाताऱ्याला घेऊन आला. म्हाताऱ्याच्या दोन्ही हातांत एक लाकडी पेटी, आपल्या बाजाच्या पेटीहून थोडी मोठी. सारंग ती धरायला गेला तर त्याने दिली नाही. नाव हेल्मुट. शनिवारी त्यांच्या बँडचा कार्यक्रम होता आणि विमानातून उतरल्यापासून पेटीच्या दोन पट्ट्या मुक्या झाल्या होत्या.

बँडचं नाव जर्मन, माझ्या जिभेला ते वळत नाही. अर्थ वीटभट्टी. म्हणून मी त्यांना वीटभट्टीवालेच म्हणतो. मी झाकण उघडलं तर झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात वीस-पंचवीस ओळी लिहिलेल्या. मला वाटलं गाणं असेल. हेल्मुट हसला आणि इंग्लिशमध्ये म्हणाला, हा आमचा इतिहास. ज्याने ज्याने ही पेटी उघडली, त्याने आपलं नाव, गाव आणि काय केलं ते लिहायचं, अशी आमची पद्धत आहे.

केरळवाल्याकडून सुलेमानी चहा मागवला. माझं इंग्लिश कामापुरतं. अडेल तिथे सारंग सांगायचा. हेल्मुट एकेका ओळीवर बोट ठेवून बोलत गेला. पहिली ओळ वेर्नरची. हेल्मुटच्या वडिलांची गावात विटांची भट्टी होती, ती बंद पडली. चार मित्र त्या रिकाम्या भट्टीत वाजवायला जमायचे. जवळच अमेरिकन सैनिकांचा तळ होता, त्यांच्या रेडिओवर काळ्या लोकांचं फंक लागायचं. ऐकलं की कंबर जागेवर राहायची नाही, म्हणाला. यांना तसं वाजवायचं होतं, पण त्या गाण्यात पितळी कर्णे लागतात आणि यांच्यापैकी कुणाला ते फुंकता येत नव्हते. वेर्नर रेडिओ दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होता. त्याने भंगारातल्या रेडिओंचे भाग जोडून ही पेटी बनवली. कर्ण्यांच्या जागी पेटी, खाली तो कंबर हलवणारा ठेका.

"तुझाच धंदा होता त्याचा," हेल्मुट मला म्हणाला.

पुढच्या ओळी वेगवेगळ्या गावांच्या. पहिली तबकडी कुणी घेतली नाही, दुसरी खूप खपली. मग नेहमीचंच, चौघांत भांडणं, नाव कुणाचं आणि गाणं कुणाचं. एक ओळ वेर्नरच्याच हातची पण अक्षर वाकडंतिकडं. तेव्हा तो आजारी होता. त्यानंतर बरीच वर्षं ओळच नाही. त्या वर्षांत हेल्मुट शाळेत मुलांना गाणं शिकवत होता आणि पेटी माळ्यावर पडून होती. मग आजकालच्या पोरापोरींनी त्यांच्या जुन्या तबकडीतले तुकडे कापून आपल्या गाण्यांत घातले, आणि उरलेल्या तिघा म्हाताऱ्यांना पुन्हा बोलावणी यायला लागली. तिथून पुन्हा ओळी सुरू. शेवटची ओळ कुठल्याशा थंड देशातली होती.

जाताना हेल्मुटने त्या दोन पट्ट्यांवर बोट ठेवलं आणि सावकाश, मला कळेल अशा इंग्लिशमध्ये सांगितलं, "फक्त एवढंच. बाकी कशालाही हात लावू नका." मी मान हलवली. मला शब्द न् शब्द कळला होता. कळलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

शुक्रवारी सकाळी बत्हा झोपलेला असतो. जुम्म्याच्या नमाजानंतरच दुकानं उघडतात. मी आतून कडी लावून बसलो. दोन पट्ट्यांखालच्या वायरींचे शिशाचे टाके सुटले होते, अर्ध्या तासाचं काम. ते झालं. झाकण लावायचं आणि घरी जायचं. पण आतलं काम बघून माझं डोकंच फिरलं. वायरी कशाही ओढलेल्या, टाके म्हणजे नुसते शिशाचे गोळे. आणि एका कोपऱ्यात तर कमालच, दोन पत्र्यांच्या मधे सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी घालून खुपसलेली. मी मोठ्याने हसलो. जर्मन लोकांचं एवढं नाव, आणि हे असं काम? आमच्या गावातल्या शिकाऊ माणसालाही उस्तादांनी कानफटात दिली असती.

त्या चांदीचं काम काय, ते सांगतो. त्या पेटीत आवाज काढणारी दोन सर्किटं आहेत. दोन्ही एका सुरात असली की आवाज सरळ निघतो. त्या चांदीमुळे एक सर्किट केसभर खाली जायचं आणि दोन आवाज एकमेकांवर घासून लाट उठायची. पेटी तापली की चांदी सैल व्हायची, लाट मंद व्हायची. जोरात वाजवलं की हादरे बसून पुन्हा जलद. मी मीटर लावला तर काटा एका जागी थांबेना. मला ते सहन झालं नाही. चिमट्याने चांदी ओढून काढली, भंगाराच्या डब्यात टाकली, तिथे नवा छोटा कंडेन्सर बसवला. सगळे टाके नवे केले. एकेक पट्टी मीटरवर लावली. काटा कसा खांबासारखा उभा. जुम्म्याला उशीर झाला तो झालाच.

झाकणावर ओळ लिहायची राहिली, असं नाही. पेन्सिल हातात घेतली होती. लिहायचं तर सगळं केलं हे लिहावं लागलं असतं, आणि त्याने तर नको सांगितलं होतं. म्हणून ठेवून दिली. म्हणजे कुठेतरी मला माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

घरी मात्र माझी जीभ सुटली. माझी मुलगी सना तेव्हा अकरावीत होती, इथल्या इंडियन स्कूलमध्ये. मी मराठीत बोलतो, ती अर्धं हिंदीत अर्धं इंग्लिशमध्ये उत्तर देते. वीटभट्टीवाले तिच्या फोनमध्ये होते, ती तर उड्याच मारत होती. जेवताना मी तिला ऐटीत सांगितलं, त्या म्हाताऱ्याला कळणारही नाही, अख्खी पेटी नवी करून टाकलीय तुझ्या अब्बाने.

शनिवारी सारंगने आम्हा दोघांना पास दिले. दुपारी आवाजाची तपासणी असते, तेव्हाच गेलो. गावाबाहेर मोकळ्या मैदानात स्टेज. हेल्मुटने पेटी मांडली, मला बघून हात केला, दोन मुक्या पट्ट्या दाबल्या. बोलल्या. त्याने अंगठा वर केला. मग दोन्ही हातांनी एक सूर धरला आणि तसाच धरून ठेवला.

सूर सरळ निघाला, स्वच्छ. हेल्मुट थांबला. पुन्हा धरला. वाकून पेटीला कान लावला. ढोल वाजवणारा म्हातारा आपल्या जागेवरून उठून आला, त्या दोघांचं जर्मनमध्ये काहीतरी बोलणं झालं. मग हेल्मुट स्टेजच्या कडेला येऊन गुडघ्यावर बसला, म्हणजे त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. चिडलेला नव्हता. आजाऱ्याबद्दल डॉक्टरला विचारावं तसं त्याने विचारलं, "तुम्ही आत काही केलंत का?"

आणि मी म्हणालो, "नाही. फक्त दोन पट्ट्या. हीट असेल सर. विमानात, कार्गोत."

पेटी कार्गोत गेलीच नव्हती. तो मांडीवर घेऊन आला होता. पण माझी जीभ टाळ्याला लागली ती लागली. सारंग बिचारा माझ्या बाजूने पुढे सरसावला. त्याने हेल्मुटला सांगितलं की रज्जाकचाचा तीस वर्षं बत्ह्यात आहेत, हवं त्याला विचारा, हा माणूस खोटं बोलत नाही. हेल्मुटने मान हलवली. म्हणाला, शक्य आहे, जुनी वस्तू आहे, प्रवास सोसत नाही. मग पेटीवर नुसता हात ठेवून उभा राहिला. सना माझ्या शेजारीच होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

कार्यक्रमाला मगरीबपर्यंत, सूर्य बुडेपर्यंत वेळ होता. आम्ही स्टेजच्या मागे खुर्च्यांवर बसलो. सारंगने शावर्मा आणून दिला, दोघांनीही तो कागदातून काढला नाही. तिने फोनवर त्यांचं जुनं गाणं लावलं आणि फोन माझ्या कानाशी धरला. सुरुवातीलाच तो सूर. कसा सांगू? खाडीत पडाव नांगरून ठेवलेला असतो आणि भरतीच्या पाण्यावर सावकाश हलतो, तसा तो आवाज हलत होता. तीस वर्षं आवाजाच्या धंद्यात आहे मी, आणि पेटी उघडण्याआधी एकदाही ते गाणं ऐकलं नव्हतं.

सनाने फोन बंद केला. "अब्बा," ती म्हणाली, "हीट थी क्या?"

मी म्हणालो, "गप बस. मोठ्यांच्या कामात बोलू नये." तिला मी असं कधी बोललो नव्हतो.

कार्यक्रम झाला. लोक नाचले. हजारो माणसांत कुणालाही काही कळलं नाही, आणि हेही लिहून टाकतो की मला त्याचा आनंद झाला, चला निभावलं असं वाटलं. पण ज्या गाण्याची सुरुवात त्या सुराने होते ते गाणं त्यांनी वाजवलंच नाही. पुढे बसलेली पोरं ओरडून मागत होती. हेल्मुटने हात जोडले, आपण जोडतो तसे, आणि दुसरं सुरू केलं.

रविवारी सकाळी मी दुकान उघडलं आणि भंगाराचा डबा जमिनीवर उपडा केला. वायरीचे तुकडे, स्क्रू, फुटके प्लग. चांदी सापडली. वर दोन दिवसांचं भंगार पडून पार चपटी झाली होती, घड्या गेलेल्या. औषधाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून ती ठेवली. मागे वळलो तर दारात सना, शाळेच्या कपड्यांत, दप्तर पाठीला. शाळेच्या बसमध्ये बसलीच नव्हती. मी रागावलो नाही. कुठल्या तोंडाने रागावणार?

सारंगला फोन करून हॉटेल विचारलं आणि सनाला घेऊनच निघालो. वीटभट्टीवाले दुपारी निघणार होते. हेल्मुट खाली हॉलमध्ये सोफ्यावर बसला होता, पेटी बाजूला, तिच्यावर त्याचा कोट. मला बघून उठला, हात पुढे केला. मी हात मिळवला नाही. डबी उघडून त्याच्या समोर धरली.

काय बोललो ते सगळं आठवत नाही. इंग्लिश तुटत होतं. तुम्ही नको म्हणालात ते मला कळलं होतं, हे म्हणालो. हीट नव्हती, हेही म्हणालो. त्याने ती चांदी दोन बोटांनी उचलली आणि उजेडात धरली. वेर्नर मरायच्या आधी महिनाभर हीच घडी नीट करत होता, म्हणाला. शंभर वेळा काढली, शंभर वेळा घातली. मग एक दिवस म्हणाला, आता हात लावू नका.

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. माझ्या कफिलाकडे तक्रार केली असती तरी चाललं असतं. त्याने पेटीचं झाकण उघडलं, माझा बसवलेला नवा कंडेन्सर बघितला, कामाचं कौतुक केल्यासारखी मानही हलवली. मग आशेने माझ्याकडे बघून विचारलं, "कशी होती ही? किती घड्या? आत किती गेली होती?"

मला पठाणाच्या फितीचे तीन जोड कुठे कुठे आहेत ते आजही सांगता येतं. अबू नासिरच्या रेडिओतला एक स्क्रू इतरांपेक्षा आखूड आहे, तो कुठला तेही सांगतो. पण ती चांदी कशी होती ते मला आठवेना. मी बघितलीच नव्हती. कचरा समजून ओढली होती. मी रिकामी डबी मिटली, आणि त्याला उत्तर कळलं.

तरी हत्यारं होती बरोबर. तासभर आम्ही दोघं खाली गालिच्यावर बसून खटपट केली. माझा कंडेन्सर काढला, चांदी दोन घड्यांची करून घातली, तिनाची करून घातली, कमी सारली, जास्त सारली. पेटीला छोटा स्पीकर लावून तो सूर धरायचा आणि ऐकायचा. लाट यायची, पण ती नव्हे. कधी नुसती कुरकुर, कधी भोंगा. शेवटी गाडी आली म्हणून निरोप आला. हेल्मुट म्हणाला, राहू दे, पुढे कधीतरी जमेल. ते त्यालाही खरं वाटत नव्हतं.

मी हत्यारं भरायला लागलो, तर त्याने कोटाच्या खिशातून पेन्सिल काढून माझ्यासमोर धरली आणि झाकणावरच्या शेवटच्या ओळीखालची रिकामी जागा दाखवली.

काय लिहू, मी विचारलं.

"जे केलं ते," तो म्हणाला.

इंग्लिशमध्ये मला दोनच शब्दांत उरकता आलं असतं. म्हणून मराठीत लिहिलं. अक्षर वेर्नरच्या शेवटच्या ओळीसारखंच वाकडं आलं. लिहून पेन्सिल परत दिली. हेल्मुटने त्या ओळीकडे बघितलं आणि मग सनाकडे बघितलं.

सनाला मराठी वाचायची सवय नाही. शाळेत हिंदी आहे म्हणून अक्षरं येतात, पण एकेक शब्द जुळवत वाचते. ती गुडघ्यावर बसली आणि बोट ठेवून वाचायला लागली, मोठ्याने. रज्जाक, बत्हा बाजार, रियाध. दोन पट्ट्या दुरुस्त केल्या. बाकीचं नको सांगितलं होतं तरी केलं, आणि विचारल्यावर नाही म्हणालो.

"नाही म्हणालो" ला ती अडखळली. मला वाटलं अक्षर लागत नसेल. मी पुढे वाकलो सांगायला. पण तिला ते लागलं होतं. तिने ते पुन्हा एकदा नीट वाचलं, आणि मग एक शब्दही न गाळता सगळं हेल्मुटला इंग्लिशमध्ये सांगितलं.